बाहेरचे जेवण : ताटात काय आहे आणि शेजारी कोण बसले आहे?

१/१९
नुकताच वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईस जाऊन आलो. चार दिवसांतील प्रत्येक जेवण बाहेर झाले. परतल्यावर मित्रांची मागणी आली, 'कुठे काय चांगले मिळते ते लिहा.' लिहितो. परंतु इतिहासाची आवड असणाऱ्याने उपाहारगृहाच्या दारात दोन प्रश्न विचारावेत असे माझे मत आहे. ताटात काय आहे, हा पहिला. माझ्या शेजारी कोणाला बसता येते, हा दुसरा. पहिल्याची चर्चा रोज होते. आजचा धागा दुसऱ्यासाठी आहे.

२/१९
तरी आधी चवीचे बोलून घेऊ. दादरची मिसळ तर्रीपोह्यांवर वाढलेल्या वैदर्भीय जिभेला गोड लागते. तिथला साबुदाणावडा मात्र निर्विवाद उत्तम. इराण्याचा चहा अतिगोड, पण ब्रून पाव त्यात बुडवला की दोघांचेही दोष झाकले जातात. चहात गोरसपाक बुडवणाऱ्या वर्धेकराला ही रीत परकी वाटत नाही. माटुंग्यातील रांगेत उभे राहून केळीच्या पानावर जेवलो. त्या रसमसाठी पुन्हा तितकेच थांबेन.

३/१९
आता माझ्या गावाविषयी, कारण दुसरा प्रश्न तिथून येतो. नालवाडी हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे येथे येऊन राहिले. तेव्हा ही मुख्यतः अस्पृश्य मानलेल्या लोकांची वस्ती होती. येथे ग्रामसेवा मंडळाचे काम उभे राहिले. मेलेल्या जनावरांचे कातडे कमावणारे चर्मालयही निघाले आणि गोपाळराव वाळुंजकरांसारख्या सवर्ण कार्यकर्त्यांनी ते काम स्वतःच्या हाताने केले.

४/१९
त्याआधी, १९२८ साली, जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांसाठी खुले केले होते. ही घटना आपण शाळेत शिकतो आणि ते योग्यच आहे. पण देवळाचे दार कधी उघडले हे सांगणारा इतिहास चहाच्या दुकानाचे दार कधी उघडले हे क्वचितच सांगतो. माणूस देवळात कधीतरी जातो. भूक आणि तहान मात्र रोज लागते, आणि प्रवासात तर परक्याच्या दारातच लागते.

५/१९
मोठ्या शहरात जेवायला निघालेल्या एका प्रवाशापासून सुरुवात करू. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. आईला मांसाहार न करण्याचे वचन दिलेले. शाकाहारी उपाहारगृह शोधत ते मैलोगणती चालत आणि बरेचदा पावावर भूक भागवत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर तसे एक उपाहारगृह सापडले. लंडनला आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो, अशा आशयाची नोंद त्यांनी आत्मकथेत केली आहे.

६/१९
त्याच आत्मकथेत एक फजितीही आहे. एका मित्राने नाटकाआधी त्यांना हॉबर्न येथील आलिशान उपाहारगृहात जेवायला नेले. सूप आले. त्यात मांस आहे का, हे विचारण्यासाठी गांधींनी वाढप्याला खूण केली. मित्राला ते असभ्य वाटले, त्याने सुनावले. गांधी उठून बाहेर आले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते. त्या रात्री ते उपाशीच नाटकाला बसले.

७/१९
या प्रसंगातली एक गोष्ट लक्षात घ्या. वसाहतीतून आलेल्या त्या तरुणाला त्या झगमगाटात अवघडल्यासारखे झाले असेल, पण त्याला कोणी दारात अडवले नाही. खुर्ची मिळाली, सूप समोर आले, आणि 'यात काय आहे' असे विचारण्याची सोय होती. त्याची भूक त्याच्या वचनामुळे राहिली. उपाशी राहण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता.

८/१९
आता दुसरा प्रवासी. १९०१ च्या सुमारास दहा वर्षांचा भीमराव घरातल्या इतर मुलांसह साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला. मुले मसूर स्थानकावर उतरली. ती महार असल्याचे कळताच गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर प्रवास सुरू झाला. गाडीवान बाजूने चालत होता. मुलांजवळ घरून दिलेला डबा होता. पण पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून घास उतरेना. डबा भरलेला असूनही मुलांनी ती रात्र उपाशी काढली.

९/१९
हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मपर लेखनात सांगितले आहे. तिथेच बडोद्याचा प्रसंग आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून आलेले आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास गेले. राहण्याजेवण्याची सोय कुठेच होईना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला. मित्रांनीही आसरा दिला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना एका सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले.

१०/१९
म्हणून माझे म्हणणे असे. आपल्याकडील 'बाहेरच्या जेवणाचा' इतिहास या दोन प्रवाशांना शेजारी बसवल्याशिवाय पूर्ण होत नाही. पहिल्याने विचारले, 'या सुपात काय आहे?' दुसऱ्याला विचारले गेले, 'तू कोण आहेस?' दोघेही पुढे बॅरिस्टर झाले. पण विद्या आणि खिशातला पैसा या दोन्ही गोष्टी दुसऱ्या प्रश्नापुढे निरुपयोगी ठरल्या.

११/१९
हे केवळ अस्पृश्यतेपुरते मर्यादित होते असेही नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील कार्यक्रमात रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा ठेवला गेला. उपस्थितांची नावे जाहीर झाली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. एका पेल्यातील चहाने शहर ढवळून निघाले. रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे असे. उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'ब्राह्मणांचे' हा शब्द गुणवत्तेच्या शिक्क्यासारखा मिरवे.

१२/१९
अशा समाजात मुंबईने काय केले? प्रथम खानावळी दिल्या. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण लागे. ते बायकांनी आपल्या खोलीतल्या चुलीवर रांधले. बहुधा एका गावचे, एका जातीचे लोक एका खानावळीत जेवत. म्हणजे गाव आपल्या पंगतीसह शहरात आले. या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात रुतलेल्या असत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाचे दार उघडले.

१३/१९
१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. जेवणारेच गावी परतू लागले, तेव्हा या चुलीही थंडावल्या. संपाच्या इतिहासात दत्ता सामंत असतात, मालक असतात, सरकार असते. उधारीवर शेकडो माणसांना जेवू घातलेल्या बाईचा उल्लेख फार तर एका ओळीत येतो. गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्याने तिची वही शोधावी.

१४/१९
दुसरी देणगी इराण्यांची. धोबी तलावाजवळची कयानी १९०४ ची, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ ची. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा, संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि नियमांच्या पाट्या. इराणी इथे नवखा होता. गावकीच्या पंगतीशी त्याला देणेघेणे नव्हते. त्याला गिऱ्हाईक हवे होते. अनोळखी माणसे एका टेबलाशी बसली आणि चहाचे पैसे हीच ओळख पुरेशी ठरू लागली.

१५/१९
मी इराण्याला समाजसुधारक म्हणत नाही. बडोद्याचा प्रसंग स्मरणात ठेवला तर पैशाने जात पुसली जाते असे म्हणण्याचे धाडस होणार नाही. पण व्यापाराच्या सवयीने एक काम हळूहळू केले: नाव न विचारता पेला पुढे ठेवण्याचे. उडुपी उपाहारगृहांचा प्रारंभ सोवळ्या स्वयंपाकाच्या कीर्तीवर झाला, तरी माटुंग्यात रामा नायक यांच्या १९४२ पासूनच्या बोर्डिंगमध्ये आज जो रांगेत पुढे तो पानावर आधी. वडापावने तर टेबलच काढून टाकले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असे मानले जाते. उभ्याने खाणाऱ्यांची पंगत कशी मांडणार?

१६/१९
तरीही दार उघडण्याचे श्रेय केवळ शहराच्या सवयीला देणे अन्यायाचे होईल. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाचे कलम १५(२) उघडून पाहा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, हे तिथे नावानिशी लिहिले आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तर उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. कायद्यात भांड्यांचा उल्लेख का करावा लागला? मसूरहून निघालेल्या त्या मुलांचा भरलेला डबा आठवा. उत्तर तिथे आहे.

१७/१९
हे सगळे संपले असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी माझाच अनुभव. मुंबईत एका गल्लीतील खानावळीत एका नातलगासाठी मासिक जेवणाची चौकशी केली. दर नंतर कळला; आधी प्रश्न आला, 'आडनाव काय?' प्रश्न हसतमुखाने आला, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने शाकाहारी अन्न पोहोचवणाऱ्यांसाठी वेगळा हिरवा गणवेश जाहीर केला आणि टीका होताच तो मागे घेतला. आहार हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. वचन पाळण्यासाठी उपाशी राहिलेल्या गांधींचा आदर मीही करतो. पण 'शुद्ध' हा शब्द अन्नावरून माणसावर कधी सरकतो, यावर लक्ष ठेवणे हे इतिहास वाचणाऱ्याचे काम आहे.

१८/१९
तेव्हा मुंबईतील बाहेरच्या जेवणाविषयी माझे स्पष्ट मत. चव बरी, गर्दी फार, वाढपी घाईत, चहा गोड. आमच्या वांग्याच्या भाजीची आणि पातोडीच्या रश्श्याची सर तिथे कशालाच नाही. पण त्या संगमरवरी टेबलाशी माझ्यासमोर एक अनोळखी माणूस येऊन बसला, त्याने साखरेचे भांडे पुढे सरकवले आणि आम्ही एकमेकांची नावे न विचारता उठलो. त्या शहरात मी घेतलेला सर्वांत मोलाचा पदार्थ तोच. तो कोणत्याही यादीत नाही आणि फुकटही मिळालेला नाही. त्याची किंमत आधीच्या प्रवाशांनी बागेत बसून आणि उपाशी राहून चुकवलेली आहे.

१९/१९
शेवटी तुमच्यासाठी एक काम. घरातल्या आजीआजोबांना विचारा: तुम्ही पहिल्यांदा बाहेर कुठे खाल्ले? शेजारी कोण होते? कप कोणी विसळला, की तुम्हालाच विसळायला लावला? आत बसलात की बाहेर? उत्तरे वहीत लिहून ठेवा, साल आणि गाव यांसह. देवळांचा आणि किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. चहाच्या कपाचा इतिहास अजून घराघरांतील आठवणींत आहे, आणि त्या आठवणी असणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्या घरच्या नोंदी खाली अवश्य लिहा.