रीमॅप आणि प्रगतिपुस्तक

मंडळी, परवा भाचा आला होता. परळला राहतो. आल्या आल्याच म्हणाला, "मामा, गाडी रीमॅप करून घेतोय. जोर कसला वाढतो माहितेय!"

मी मराठी माध्यमाचा बी.ए., सगळा जन्म मुलांना इतिहास शिकवण्यात गेला. तेव्हा रीमॅप म्हणजे काय, हे त्याच्याकडूनच समजून घेतलं. हल्लीच्या डिझेल गाडीत एक छोटा संगणक असतो. डिझेल कधी, किती फवारायचं, टर्बोने हवा किती दाबायची, याचे तक्ते त्यात भरलेले असतात. गॅरेजवाला लॅपटॉप जोडून ते आकडे बदलतो. झालं! वर "ईजीआर पण बंद करून देतो, इंजिन स्वच्छ राहील" अशी फुकट भेट. ही ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवून नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी करणारी सोय. म्हणजे इंजिन स्वच्छ राहणार आणि घाण आमच्या छातीत जाणार. वा रे हिशेब!

मी विचारलं, "हा जोर दाखवणार कुठे? लालबागच्या सिग्नलला?" तर म्हणे, कोस्टल रोड आहे ना! अरे, 2024 साली सुरू झालेल्या त्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 80. तेवढी तर तुझी गाडी आजही धावते.

आता खरा मुद्दा. 2015 च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचं बिंग अमेरिकेत फुटलं. आमच्या वेळी दिपोटी तपासणीला आले की वर्ग कसा हाताची घडी घालून बसायचा, तसं त्या गाड्यांचं होतं. चाचणी चालली आहे हे संगणक ओळखायचा आणि तेवढ्यापुरती गाडी शहाणी व्हायची. रस्त्यावर आली की तेच विषारी वायू मर्यादेच्या 40 पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडेही कंपनीला तीन लाखांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा हाच भाचा तावातावाने म्हणाला होता, "मामा, चोर आहेत हो हे!"

मग बाळा, कंपनीने केली ती चोरी आणि तू केलंस ते ट्यूनिंग?

यावर त्याचं उत्तर तयार होतं. "पीयूसी पास होते ना!" होणारच. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. जो विषय परीक्षेलाच नाही, त्यात पास झालो म्हणून पेढे कसले वाटायचे?

आमच्या गिरगावच्या चाळीची गॅलरी थेट रस्त्यावर. टॅक्सी डिझेलवर चालायच्या तेव्हा दोरीवरच्या पांढऱ्या धोतरावर संध्याकाळपर्यंत काजळी बसायची. टॅक्सी सीएनजीवर आल्या आणि फरक डोळ्यांना दिसला. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने 2012 सालीच जाहीर केलं आहे. आणि तुझ्या मामीचा दमा तर तू लहानपणापासून पाहतो आहेस. तिचा पंप हरवला की शोधून द्यायला तूच धावायचास.

गाडी तुझी, पैसे तुझे. घाटात ट्रकला मागे टाकताना जोर लागतो, हेही मला मान्य. अगदी करायचंच असेल, तर धूर कमी करणाऱ्या एकाही यंत्रणेला हात न लावणारा आणि आधी-नंतरचा जोर व धूर दोन्ही मशीनवर मोजून दाखवणारा माणूस शोध. विमा कंपनीला लेखी कळव. हे सगळं जमत नसेल, तर पैसे खिशातच ठेव.

छत्तीस वर्षांत प्रगतिपुस्तकावरचे आकडे खोडून घरी दाखवणारी बरीच पोरं पाहिली. त्यांचं नुकसान निदान त्यांचंच व्हायचं. तुझ्या खोडलेल्या आकड्यांचे मार्क मामीच्या छातीत पडणार आहेत. रविवारी जेवायला येशील तेव्हा काय ठरवलंस ते तिलाच सांग.