ज्याची मोटार, त्याला विचारा

दारी हत्ती झुलणे म्हणजे काय, हे ज्यांनी केवळ म्हणींच्या पुस्तकात वाचले असेल, त्यांनी १९५६ साली आमच्या मलकापूरच्या घरी यायला हवे होते. आमचा हत्ती मात्र झुलत नसे. तो बहुधा एका जागी उभा असे, आणि त्याच्या पोटाखाली आमचे मिस्त्री उताणे पडलेले असत. हत्तीचे नाव होते पॅकार्ड.

गेल्या दिवाळीत या सदरात मी भिंतीवरच्या घड्याळांविषयी लिहिले, तेव्हा काही वाचकांनी कळवले की, तुमच्या घरच्या त्या मोटारीचा उल्लेख तुम्ही नेहमी ओझरता करता आणि पुढे सरकता. एकदा काय ते सगळे सांगून टाका. तर यंदा सांगतो.

कराडहून कोयनेचा पूल ओलांडून पुणे-बंगळूर रस्त्याने कोल्हापूरच्या बाजूला निघाले की लगेच आमचे मलकापूर लागते. आज तिथे गाव कुठे संपते आणि कराड कुठे सुरू होते, हे नवख्याला सांगता यायचे नाही. माझ्या लहानपणी एका अंगाला आगाशिवाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ऊस, आणि मधून जाणारा रस्ता एवढाच ऐवज होता. माझे थोरले चुलते, ज्यांना सारे गाव तात्या म्हणे, त्यांची कराडच्या पेठेत गुळाची अडत होती. तात्यांना पान-तंबाखूचे व्यसन नव्हते, तमाशाचे नव्हते, पत्त्यांचे नव्हते. अशा निर्व्यसनी माणसाला एखादी हौस जडली म्हणजे ती घर पोखरते.

एका वर्षी गुळाला भाव बरा मिळाला. तात्या मुंबईला वसुलीसाठी म्हणून गेले आणि एका दलालाच्या नादाने मोटार ठरवून आले. १९३७ सालची पॅकार्ड, ‘वन ट्वेंटी’ नावाची. पैसे कमी पडत होते. काकूच्या पाटल्या, गोठ आणि माहेरची पुतळ्यांची माळ एका दुपारी कराडच्या सराफकट्ट्यावर गेली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. काकू काही बोलल्याचे मला आठवत नाही. मोकळे मनगट पदराखाली घेऊन त्या चुलीपुढे बसल्या होत्या, एवढेच आठवते.

आता या पॅकार्डची कुळकथा ऐका, कारण तिच्यात आमच्याच घरची गोष्ट आधी घडून गेली आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात वॉरेन नावाचे गाव आहे. तिथे जेम्स वॉर्ड पॅकार्ड हे आपल्या भावाबरोबर विजेचे दिवे नि इतर सामान बनवण्याचा कारखाना चालवीत. १८९८ साली त्यांनी क्लीव्हलंडच्या विंटन कंपनीची मोटार घेतली. सुमारे पन्नास मैलांवरचे घर गाठता गाठता ती इतक्या वेळा बंद पडली की, शेवटी घोडे जुंपून ओढून आणावी लागली, असे सांगतात. पॅकार्डसाहेब तक्रार घेऊन विंटनकडे गेले. विंटन म्हणाले, एवढे कळते तर स्वतःच का बनवीत नाही? पॅकार्डांनी शब्द धरला, विंटनचीच दोन माणसे आपल्याकडे घेतली, आणि ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड रस्त्यावर आली. गिऱ्हाइकाच्या गाऱ्हाण्यातून जन्मलेला हा कारखाना.

पुढे एका गृहस्थाने पत्र पाठवून मोटारीची माहितीपत्रके मागवली. तोवर छापील पत्रक काही तयार नव्हते. पॅकार्डसाहेबांनी लिहून पाठवायला सांगितले की, ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारा. हेच वाक्य १९०१ पासून कंपनीच्या जाहिरातींत झळकू लागले आणि अर्धशतक टिकले. आपला माल वापरणाऱ्याच्या तोंडावर एवढा भरवसा टाकणे, ही साधी गोष्ट नव्हे.

१९०३ साली कारखाना डेट्रॉइटला गेला. १९१५ साली तिथे बारा सिलिंडरांची ‘ट्विन सिक्स’ निघाली. राजेरजवाडे, सरदार, शेठसावकार यांच्या घोडापागा हळूहळू मोटारखाने झाले ते याच काळात. आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तर ड्यूसेनबर्ग ही दुसरी अमेरिकन मोटार घेऊन तिच्यावर लंडनच्या कारागिरांकडून अंगाच्या मापाचा अंगरखा शिवावा तसा सांगाडा चढवून घेतला होता. पण १९२९ नंतरच्या मंदीने अमेरिकेतलीच गिऱ्हाइके आटली. तेव्हा पॅकार्डने १९३५ साली हजार डॉलरांच्या आतली मोटार काढली. तीच आमची वन ट्वेंटी. तिने कारखाना तारला. जाणकार असेही म्हणतात की, नाव एकदा स्वस्त झाले ते झालेच. महायुद्धात याच कारखान्याने रोल्स-रॉइसच्या परवान्याने मर्लिन जातीची ५५ हजारांहून अधिक विमान-इंजिने बनवली. ही झाली इतिहासाची बाजू.

आमची बाजू अशी की, मुंबईहून निघालेली मोटार बोरघाट चढली, कात्रज चढली आणि खंबाटकीच्या घाटात तिने चहाच्या आधणासारखी वाफ सोडली. तिथे थंड करून, पाणी भरून ती उंब्रजपर्यंत आली. तिथून तिने पाऊल टाकले नाही. तिन्हीसांजेला मलकापूरच्या वेशीत आम्ही पोरे वाट पाहत उभे होतो, तो समोरून एक बैलजोडी आली आणि बैलजोडीच्या मागे आमची मोटार. पॅकार्डच्या तोंडाची जाळी वरून जुवासारखी वाकलेली असते. अमेरिकेतही तिला बैलाच्या जुवाचीच उपमा देतात. गावाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी एक म्हातारे म्हणालेच, “तात्या, जू तर गाडीच्या तोंडालाच हाय की! मग आनि बैल कशाला?”

नाकावर पंख उभारलेला एक पक्षी होता. तात्या त्याला राजहंस म्हणत. कंपनी त्याला कधी पेलिकन म्हणे, कधी पाणकावळा, हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाले. कोयनेच्या काठावर पंख पसरून बसणारे पाणकावळे मी रोज पाहत असे. पण तात्यांपुढे बोलण्याची प्राज्ञा नव्हती.

मोटार आली ती वेळही वाईट होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारी आणण्यावर निर्बंध आले होते. १९५३ साली सरकारने ठरवले की, सुटे भाग इथे बनवण्याचा ज्यांचा बेत नाही, त्यांनी नुसती जुळणी करू नये. मुंबईत शिवडीला १९२८ पासून चालत आलेला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज, प्लिमथ निघत, त्यांचे सामान तरी मिळे. पॅकार्डला वाली कोण? तात्यांनी पाटल्या मोडल्या त्याच १९५६ च्या जूनमध्ये डेट्रॉइटचा पॅकार्ड कारखाना कायमचा थांबला. १९५४ सालीच कंपनीने स्टुडबेकर कारखाना गळ्यात घेतला होता. पुढची दोन वर्षे स्टुडबेकरच्याच मोटारींवर पॅकार्डचे नाव लावून त्या विकल्या, आणि १९५८ साली तेही नाव पुसले. हे सगळे आम्हांला कुणी सांगावे? तात्या सुट्या भागांसाठी पत्रे लिहीत राहिले.

मग सारा भार कोल्हापूर नाक्यावरच्या मिस्त्रींवर पडला. त्यांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, पण एका ओळीत उभी असलेली आठ सिलिंडरे ते घरच्या पोरांसारखी ओळखत. तिसरे चुकले की, “आज तिसऱ्याचा घसा बसलाय,” म्हणत. डिस्ट्रिब्यूटरची टोपी तडकली तेव्हा मुंबईच्या चोरबाजारात दोन दिवस हिंडून त्यांनी भलत्याच मोटारीची टोपी आणली आणि कानशीने घासून बसवली. गॅस्केट तर त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून हाताने कापून काढले होते. पोरांची शाळा, घरचे शाकारणे, काकूच्या माहेरी जायचे भाडे या सगळ्याच्या आधी मोटारीचा टायर येई.

रस्त्यात थांबून लोक विचारत, “तात्या, ग्यालनला किती पळती?”

तात्या ताठ मानेने सांगत, “वीस मैल.”

मिस्त्री फडक्याला हात पुसत हळूच पुस्ती जोडत, “उताराला.”

ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारा, हे पॅकार्डांचे वाक्य मी पुढे वाचले तेव्हा मला हे ‘वीस मैल’ आठवले. हौसेने घेतलेल्या वस्तूविषयी मालक खरे बोलत नाही. लोकांना फसवायचे म्हणून नव्हे. आपण फसलो हे स्वतःला कळू द्यायचे नसते म्हणून.

अकरा वर्षे अशी गेली. काकू त्या मोटारीत कधी बसल्या नाहीत. लग्नकार्याला सगळे मोटारीने निघाले की, “मला गाडी लागते,” म्हणत आणि एस. टी. ने येत.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली. भांडी फडताळातून उड्या मारून खाली आली, कौले घसरली. आम्ही सारे उघड्यावर थंडीत कुडकुडत उभे राहिलो. दिवस उजाडता बातमी आली की, कोयनानगर जमीनदोस्त झाले, पाटणच्या बाजूला घरेच्या घरे बसली. त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, हा आकडा मागून कळला. त्या सकाळी एवढेच ठाऊक होते की, माणसे ढिगाऱ्याखाली आहेत आणि वाहने पुरी पडत नाहीत.

काकू घरात गेल्या. आत जाऊ नका म्हणून आम्ही ओरडत होतो. त्या दोन वाकळा, जुनेर आणि पाण्याची कळशी घेऊन बाहेर आल्या आणि तात्यांना म्हणाल्या, “मोटार काढा.”

तात्या म्हणाले, “टायर गुळगुळीत झालेत. वाटेत कुठं बसली तर?”

“बसली तर बसली. काढा म्हनते ना.”

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बॅटरी उतरलेली होती. सारी आळी मोटारीला भिडली आणि ढकलत रस्त्यापर्यंत घेऊन गेली. मिस्त्री चाकापाशी बसले, मी त्यांच्या शेजारी, काकू मागे. पाटणच्या अलीकडे एका वाडीत आम्ही थांबलो. तिथे एका बाईच्या मांडीचे हाड मोडले होते. आधी तिला बैलगाडीत घातले होते. प्रत्येक खड्ड्याला ती किंचाळत होती, म्हणून पुन्हा उतरवले होते. आमच्या मागच्या बैठकीवर ती पुरी आडवी मावली. काकू खाली पायापाशी बसल्या आणि तिचे डोके त्यांनी हातांवर धरले.

मिस्त्रींनी गाडी हलवली. वन ट्वेंटीची पुढची दोन चाके वेगवेगळ्या स्प्रिंगांवर असतात; एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला त्याचा हिसका बसत नाही. आठ सिलिंडरांची चाल अशी की, बैठकीवर हात ठेवला तर इंजिन चालू आहे की नाही, कळू नये. हे तात्यांनी गावाला अकरा वर्षे ऐकवले होते आणि गावाने हसून सोडून दिले होते. कराडच्या दवाखान्यापर्यंत ती बाई कण्हत होती, पण एकदाही किंचाळली नाही. त्या दिवशी आम्ही तीन खेपा केल्या. मोटार एकदाही बंद पडली नाही. तिसऱ्या खेपेनंतर दारात येऊन थांबली आणि मग मात्र आठ दिवस हलली नाही.

मागून कुणी तात्यांना ग्यालनचा हिशेब विचारला, तेव्हा ते म्हणाले, “अकरा. बारा कधीतरी.” मिस्त्रींनी चमकून वर पाहिले.

१९७१ साली सिनेमावाल्यांना जुन्या मोटारी भाड्याने देणारा एक मुंबईकर ती घेऊन गेला. आलेल्या पैशांत काकूच्या दोन पातळ पाटल्या झाल्या. गोठ आणि माळ गेली ती गेलीच. २००९ साली मुलीकडे डेट्रॉइटला गेलो असता मी हट्टाने पॅकार्डचा कारखाना पाहायला गेलो. ३५ लाख चौरस फुटांचा पसारा, फुटक्या खिडक्या, आणि गच्चीवर उगवलेली झाडे. २०२२ पासून नगरपालिकेने तो पाडायला घेतला. ज्या कारखान्याने गिऱ्हाइकाचे ऐकून जन्म घेतला, त्याचे दार ठोठावायला मी गेलो तेव्हा ऐकायला आत कुणी नव्हते.

माझ्या लग्नात त्या दोन पाटल्या काकूंनी माझ्या बायकोच्या हातात घातल्या. त्या रात्री मी धीर करून विचारले, “काकू, त्या मोटारीचं तुम्हांला कधी वाईट वाटलं का हो?”

काकू सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, “इतकी वर्सं समद्यांनी तात्यांनाच इचारलं. मला आज तू पैल्यांदा इचारतोयस.” मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “त्या बाईचा पाय जुळला, ठावं हाय का तुला? पुढल्या साली शेंगा घिऊन आलती. चालत.”