टेम्पोचं भाडं कोण देणार?

सासर सोडलेल्या बाईचं सामान परत आणायचं ठरलं की माझ्यापुढे हमखास एक प्रश्न येतो : टेम्पोचं भाडं कोण देणार? भाड्यावर हमाली, आणि मजले चढायचे असले तर ती आणखी वाढते. हातात पैसा नसलेली बाई शेवटी म्हणते, "राहू दे ताई, नको ते सामान." लोकांना वाटतं, तिनं हक्क सोडला. तिला फक्त टेम्पो परवडलेला नसतो.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम 19 नुसार स्त्रीधन आणि तिच्या हक्काच्या इतर वस्तू परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. कलम 20 नुसार हिंसाचारामुळे झालेला खर्चही मागता येतो. माझ्या मते टेम्पो आणि हमाली हा असाच खर्च आहे. तेव्हा मैत्रिणींनो, सामानाच्या यादीबरोबर तोही अर्जात मागा, पावती जपून ठेवा.

पण टेम्पोवाल्याला पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. म्हणून प्रत्येक गटाने वर्गणीतून थोडा टेम्पो निधी बाजूला ठेवावा. शिलाई मशीन वेळेवर हाती आली, तर बाईची कमाई त्याच आठवड्यात सुरू होऊ शकते.