आचाऱ्यांचे आचार्य

‘मजकूर आला ना सगळा? मग झालं की!’ फाईल एका साच्यातून दुसऱ्या साच्यात नेली की हे वाक्य कानावर येतंच. वर्डची फाईल ई-पुस्तकासाठी फिरवा, मार्कडाउनच्या साध्या खुणांत लिहिलेला लेख छपाईकडे पाठवा किंवा पंचवीस वर्षांपूर्वीचं पुस्तक वेबपानांवर चढवा. काम करणारा चार पानं वरखाली करतो, अक्षरं जागच्या जागी दिसतात आणि ‘कन्व्हर्टर उत्तम आहे’ असा निकाल लागतो. पुस्तकं फिरवण्याचं काम बरीच वर्षं केल्यावर या निकालावर माझा विश्वास उरलेला नाही. त्यामागे जी गृहीतकं आहेत ती एकेक करून मोडावीत आणि त्यांच्या जागी काय ठेवावं तेही सांगावं, म्हणून हा लेख.

पहिलं गृहीतक असं, की ठळक, तिरपं, मथळा, तळटीप या सगळ्या खुणा म्हणजे सजावट. मजकूर हा देह आणि खुणा हे दागिने. प्रवासात दागिना हरवला तरी माणूस पोचला याचा आनंद मानावा. ऐकायला गोड आहे. पण मराठी माणसाच्या तोंडी तर हा युक्तिवाद अजिबात शोभत नाही, कारण आपल्याकडच्या हजारो जुन्या फायलींत खूण हाच मजकूर आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपली छपाई त्यानंतरही बराच काळ जुन्या फॉन्टांवर चालली. त्या फॉन्टांत ‘क’ असं काही साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. फॉन्ट त्यांना नागरीचे कपडे चढवतो. अशी फाईल सर्वसाधारण कन्व्हर्टरला दिली, तर तो फॉन्टचं नाव ‘सजावट’ म्हणून टाकून देतो आणि हाती कादंबरीऐवजी मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं काहीतरी येतं. हे निदान लगेच दिसतं तरी. खरी पंचाईत पुढे असते. त्याच परिच्छेदात लेखकानं एखादा ई-मेल पत्ता किंवा इंग्रजी पुस्तकाचं नाव साध्या फॉन्टात घातलेलं असतं. कुठली रोमन अक्षरं खरी रोमन आणि कुठली नागरीची सोंगं, हे सांगणारी एकच गोष्ट त्या फाईलीत असते: त्या तुकड्याला लावलेला फॉन्ट. ती खूण आधी पुसली आणि मग सरसकट युनिकोड केलं, तर ई-मेलचा पत्ताही ‘मराठी’ होऊन येतो. याला दागिना हरवणं म्हणत नाहीत.

युनिकोडमध्ये असलेल्या फायलींनाही हे लागू आहे. शब्दकोशातल्या शब्दाचा ठळकपणा काढा, म्हणजे नोंद कुठे संपली आणि अर्थ कुठे सुरू झाला ते कळत नाही. अभंगाच्या ओळी मार्कडाउनमध्ये जशाच्या तशा डकवा. साध्या ओळतोडीला तिथे कोऱ्या जागेइतकीच किंमत असल्यानं चारही चरण एका सलग वाक्यात वाहून जातात. ओळ तोडायची तर शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि अनेक एडिटर फाईल साठवताना ‘साफसफाई’ म्हणून काढूनही टाकतात. अक्षर एकही गळलेलं नाही, फक्त कविता गेली आहे.

दुसरं गृहीतक याहून चिवट आहे: उघडून बघितलं, सारखं दिसलं, म्हणजे सारखं आहे. वर्डमध्ये मथळा दोन तऱ्हांनी करता येतो. एकात ‘हा मथळा आहे’ अशी शैली लावायची. दुसऱ्यात साधाच परिच्छेद घेऊन तो ठळक करायचा, आकार सोळा करायचा. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ. पण अनुक्रमणिका बनवणाऱ्या यंत्राला दुसरा दिसतच नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा वाचक स्क्रीन रीडरनं प्रकरणांवरून उड्या मारत जाऊ पाहतो तेव्हा त्याला सगळं पुस्तक एकाच प्रकरणाचं वाटतं. कन्व्हर्टरनं पहिल्या जातीचा मथळा घेऊन दुसऱ्या जातीचा दिला, तर डोळा त्याला पैकीच्या पैकी गुण देईल. ज्याला फरक कळत नाही त्याला परीक्षक नेमून काय मिळणार?

मग बघायचं कुठे? पँडॉक या कन्व्हर्टरचं उदाहरण घेतो, कारण त्याचं पोट उघडं आहे. जॉन मॅकफार्लेन या बर्कलेच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ साली तो हॅस्केल भाषेत लिहायला घेतला. त्याची रचना दोन टप्प्यांची आहे: एक वाचक येणारी फाईल वाचून तिचं झाड बांधतो, एक लेखक त्या झाडावरून नवी फाईल लिहितो. मधलं झाड साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढून पाहता येतं. हा मथळा, दुसऱ्या पातळीचा, हा परिच्छेद, यात इतका तुकडा ठळक, ही तळटीप. तपासायचं ते हे. मथळा झाडात नसेल तर वाचकाची चूक, झाडात असून बाहेर पडला नसेल तर लेखकाची. पानाकडे टक लावून हा निवाडा कधीच होत नाही. तिथे नुसतं ‘काहीतरी बिघडलंय’ एवढंच हाती लागतं आणि दोष ज्याच्या त्याच्या आवडीनुसार वाटला जातो.

झाडालाही मर्यादा आहेत, आणि पँडॉकचं माहितीपुस्तक त्या लपवत नाही. रचना टिकवायचा प्रयत्न करू, समासाच्या रुंदीसारखे तपशील टिकतीलच असं नाही, असं ते सुरुवातीलाच बजावतं. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवत, की समोरची पोथी जशी दिसली तशी उतरली, चूक असेल तर बोल मला लावू नये. त्याच घराण्यातलं हे. फरक इतकाच, की लेखनिक जबाबदारी झटकून मोकळा होई, आणि इथे काय टिकणार नाही ते आधीच सांगितलेलं असतं. अधोरेखनाला या झाडात स्वतःची फांदी मिळाली ती २०२० साली. जोडलेल्या चौकटींचे तक्तेही त्याच वर्षी नीट मावू लागले. म्हणजे त्याआधी अधोरेखन हरवलं म्हणून कन्व्हर्टरला शिव्या देणारा आणि त्यानंतर हरवलं म्हणून देणारा, यांतल्या दुसऱ्याचीच तक्रार रास्त. आपल्या हातातली आवृत्ती काय सांभाळायचं कबूल करते, हे न वाचता घेतलेली चाचणी म्हणजे अभ्यासक्रम न पाहता काढलेली प्रश्नपत्रिका.

तिसरा पक्ष स्वतःला हुशार समजतो. तो म्हणतो, पाठवा आणि परत आणा. वर्डमधून मार्कडाउन, मार्कडाउनमधून पुन्हा वर्ड. निघालो तिथेच पोचलो तर कन्व्हर्टर पास. यात थोडं तथ्य आहे, आणि घाईच्या वेळी मीही हे करतो. पण जाताना एक चूक आणि येताना तिची उलटी चूक झाली, तर बेरीज शून्य येते. शिवाय हा फेरा घेणारे बहुतेक जण पहिल्या फेरीतलं मार्कडाउन दुसऱ्या फेरीतल्या मार्कडाउनशी ताडून बघतात. ती दोन जुळणारच. जे हरवायचं ते पहिल्या पावलातच हरवलं, आणि त्या पावलाला साक्षीदार कुणी ठेवलाच नव्हता.

आता मुद्द्याच्या मुद्द्याकडे येतो. चौथं गृहीतक असं, की चाचणी एकदा इंग्रजीत झाली की सगळ्या भाषांत झाली. खुणा त्याच, अक्षरं तेवढी वेगळी. मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ साली आणलं तेव्हा त्याचे नियम सैल होते आणि प्रत्येक कन्व्हर्टर आपापला अर्थ लावी. २०१४ मध्ये मॅकफार्लेन आणि मंडळींनी कॉमनमार्क नावाचं काटेकोर विनिर्देशन काढलं. त्यात सहाशेहून अधिक उदाहरणं आहेत, आणि तीच चाचण्या म्हणून चालवता येतात. काम अव्वल, वाद नाही. पण त्याच नियमांत एक मराठी वाक्य घालून बघा. ‘केसरी’त लेख आला, यातलं नाव ठळक करायचं आहे. अवतरणचिन्हांसकट नावाच्या मागेपुढे दोन-दोन तारका दिल्या आणि विभक्तीचा ‘त’ बाहेर ठेवला. कॉमनमार्कचा नियम म्हणतो, की बंद करणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह असेल, तर नंतर मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह हवं. आपल्याकडे नंतर ‘त’ आहे. झालं, तारका बंद व्हायला तयार नाहीत. पान उघडलं की ठळक ‘केसरी’ऐवजी चार तारका दिसतात. इंग्रजीत अवतरणाला असा प्रत्यय क्वचित चिकटतो, आपल्याकडे पानोपानी चिकटतो. शब्दांत मोकळी जागा न सोडणाऱ्या चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांचीही हीच तक्रार आहे. तोड सोपी आहे: अवतरणचिन्हं तारकांच्या बाहेर घ्यायची. पण ती ठाऊक कुणाला असते? ज्यानं मराठी वाक्य घालून चाचणी घेतली त्यालाच.

तारकांऐवजी अधोरेषा वापरून ‘सावली’ तिरपी केली आणि पुढे ‘त’ जोडला, तर तिथेही रेघा जशाच्या तशा राहतात, कारण शब्दाच्या पोटातल्या अधोरेषेला खूण मानायचं नाही असा नियम आहे. फायलींच्या नावांसाठी केलेली ती सोय विभक्तीच्या मुळावर येते. ‘विद्यापीठात’ मधला फक्त मूळ शब्द ठळक केला तर खूण लागते खरी, पण काना बाहेर एकटा पडतो आणि कुठे कुठे ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून दिवस काढतो. क्रमवार यादीचं तर विचारूच नका. तिथे फक्त इंग्रजी अंक चालतात. देवनागरी ‘१’ आणि टिंब देऊन केलेली यादी कॉमनमार्कच्या लेखी यादीच नव्हे, सगळे मुद्दे एका परिच्छेदात कोंबले जातात. उलट, इंग्रजी अंकांत एखादं साल लिहून, टिंब देऊन परिच्छेद सुरू केला, की त्या सालापासून मोजायला लागणारी यादी तयार! निदान या एका बाबतीत देवनागरी अंकांनी आपल्याला वाचवलं म्हणायचं.

वर्डच्या बाजूलाही असंच. त्या फाईलीच्या पोटात ठळकपणाच्या दोन वेगळ्या खुणा असतात: एक साध्या लिप्यांसाठी, दुसरी नागरी-अरबीसारख्या गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी. बहुतेकदा दोन्ही जोडीनं लागतात, म्हणून भांडं फुटत नाही. एखाद्या फाईलीत मराठी शब्दांना दुसरी एकटीच लागलेली असली आणि कन्व्हर्टर फक्त पहिलीच विचारत असला, तर इंग्रजी शब्द ठळक राहतील आणि मराठी निमूटपणे सपाट होतील.

आणि शीर्षकातले आचारी. ‘आचाऱ्यांना’ मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. त्यांतल्या एका तऱ्हेत साध्या र-नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असतं. काही कन्व्हर्टर आणि त्यांच्याआधी चालवले जाणारे ‘सफाई’चे कार्यक्रम अदृश्य चिन्हांना कचरा समजतात. ते चिन्ह उडालं, की र उडी मारून य-च्या डोक्यावर बसतो आणि लग्नाच्या जेवणाचे पैसे आचाऱ्यांना देण्याऐवजी आचार्यांना दिले जातात. दऱ्यांचा दर्या होतो तो असाच. शुद्धलेखन तपासणारं यंत्र गप्प राहतं, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. अशी अदलाबदल मी एकदा छापून झाल्यावर पाहिली आहे. पुस्तक पाककृतींचं होतं.

आता शेवटचा आक्षेप, आणि हा जरा वजनदार आहे. अशी खोड्यांनी भरलेली फाईल कोण लिहितो? मथळ्यात तळटीप, यादीत यादी, तिच्यात कविता, हे खऱ्या हस्तलिखितात येतं कुठे? चाचणी खऱ्या पुस्तकांवर घ्या, कृत्रिम नमुन्यांवर नको.

याचं एक उत्तर डोनाल्ड क्नूथ यांनी देऊन ठेवलं आहे. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी त्यांनी ‘ट्रिप’ नावाची छळचाचणी लिहिली. १९८४ मध्ये ती स्टॅनफर्डच्या अहवालातून बाहेर आली. त्या फाईलीतून वाचण्याजोगं पान निघत नाही, निघावं असा हेतूही नाही. प्रणालीचे कानेकोपरे धुंडाळण्यासाठी ती मुद्दाम खाष्ट मनानं लिहिली आहे, आणि ती पार केल्याशिवाय कुणी आपल्या प्रणालीला टेक म्हणवून घेऊ नये, अशी अट आहे. खऱ्या पुस्तकात तीनशे पानांनंतर एखादी अवघड जागा येते आणि ती बिघडली तरी तिच्या आजूबाजूच्या शंभर गोष्टींतून नेमकं कारण शोधावं लागतं. खोडीच्या फाईलीत एका नमुन्यात एकच खोडी असते. मोडली तर कारण शोधायला लागत नाही.

पण आक्षेप अर्धा मान्य करतो. आपण रचलेल्या फाईलीत आपल्याला सुचलेल्याच खोड्या असतात. कविता मध्यभागी यावी म्हणून ओळीआधी एकोणीस मोकळ्या जागा देणारे कवी, तक्ता करायचा म्हणून टॅब मारत जाणारे अभ्यासक, पान संपेपर्यंत एंटर दाबून नवं प्रकरण सुरू करणारे प्राध्यापक मला कल्पनेनं कधीच सुचले नसते. ते खऱ्या हस्तलिखितांनीच पाठवले. तेव्हा खरं पुस्तक चालवायचं, त्यात जे मोडेल ते तिथून उचलायचं, सोलून दोन ओळींचं करायचं आणि खोड्यांच्या फाईलीत टाकायचं. खरं आणि कृत्रिम यांचं भांडण इथे मिटतं. आणि नवा नमुना घातला की तो एकदा मुद्दाम नापास करून बघायचा. अपेक्षित उत्तरात चूक घालूनही पास होत राहणारी चाचणी मी पाहिली आहे; तिनं सहा महिने सगळ्यांना निर्धास्त ठेवलं होतं.

‘केसरी’त हा नमुना माझ्या फाईलीत अगदी वरती आहे. त्याच्यापुढे अपेक्षित उत्तर म्हणून मी चार तारका शाबूत असलेलं वाक्यच लिहून ठेवलंय, कारण सध्याच्या नियमाप्रमाणे तेच बरोबर आहे. त्यामुळे दर नव्या आवृत्तीला तो नमुना पास होतो आणि दर वेळी माझा थोडा हिरमोड होतो. ज्या दिवशी तो नापास होईल त्या दिवशी मी कचेरीत पेढे वाटणार आहे.