कांदाचाळीतील पंखा कोणाच्या हुकुमाने चालावा?

रब्बी कांदा एप्रिल-मे महिन्यांत चाळीत भरला जातो व पुढे ऑक्टोबरपर्यंत राखावा लागतो. या मुदतीत सड, मोड व वजनातील घट यांमुळे मालाचा मोठा भाग वाया जातो. हे नुकसान कमी करण्यासाठी काही शेतकरी ढिगाखालून हवा खेळविणारे पंखे बसवितात. शहरातील घरांत बाहेरील उष्णतामान वाढताच वातानुकूलन यंत्र आपोआप सुरू करणारी साधने असतात. त्याच धर्तीवर चाळीच्या पंख्यासही तापनियंत्रक जोडता येतो. ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु घराचा नियम जसाच्या तसा चाळीस लावणे आमच्या मते घातक आहे.

वातानुकूलन यंत्र खोलीतील हवा स्वतः थंड करते. पंखा हवा थंड करीत नाही; तो केवळ बाहेरची हवा आत लोटतो. म्हणून बाहेर ऊन तापले असता घरातील यंत्र सुरू व्हावे हे योग्य, तर चाळीतील पंखा त्याच वेळी बंद असावा हे योग्य.

कांदा काढणीनंतरही सजीव असतो. तो श्वसन करतो, उष्णता व बाष्प बाहेर टाकतो. साध्या चाळीत 25 ते 30 अंश सेल्सिअस उष्णतामान व 65 ते 70 टक्के आर्द्रता त्यास मानवते. हवा याहून उष्ण व दमट झाल्यास सड वाढते. उष्णतामान 10 ते 20 अंशांच्या दरम्यान उतरल्यास मोड येण्यास चालना मिळते.

आता पावसाळ्यातील दोन वेळा पाहू. ढीग 24 अंशांवर आहे आणि दुपारी उघडीप पडून बाहेरची हवा 30 अंश व 70 टक्के आर्द्रतेची झाली आहे. ही हवा ढिगात शिरून 24 अंशांपर्यंत निवली, की तिची आर्द्रता जवळजवळ 100 टक्क्यांवर जाते व कांद्याच्या पापुद्र्यास ओल धरते. याउलट ढीग 28 अंशांवर असून रात्रीची हवा 22 अंश व 90 टक्के आर्द्रतेची आहे. ही हवा दमट म्हणून नाकारण्याचा मोह होतो. परंतु ढिगात शिरून ती 28 अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता सुमारे 63 टक्क्यांवर येते. म्हणजे दिसावयास ओली असलेली रात्रीची हवा ढिगास निववितेही व सुकवितेही.

सबब, नियंत्रकास एक नव्हे, दोन तापमापक असावेत. एक ढिगाच्या मध्यभागी खोलवर, व दुसरा बाहेर सावलीत, तापलेल्या पत्र्यापासून दूर. बाहेरची हवा ढिगापेक्षा निदान 2 ते 3 अंशांनी थंड असेल तेव्हाच पंखा सुरू व्हावा. ढीग 25 अंशांपर्यंत उतरताच तो थांबावा. पावसाची झड आत ओढली जात असल्यास तो हाताने बंद करता यावा, यासाठी साधी कळही ठेवावी.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? ठराविक वेळी पंखा लावला म्हणजे पुरे. बहुतेक रात्री ते खरे ठरेल. परंतु हवा घड्याळ पाहून बदलत नाही. ज्यांस नियंत्रक परवडत नाही, त्यांनी दोन साधे तापमापक घेऊन सायंकाळी व पहाटे तुलना करावी व त्यानुसार स्वतः पंखा लावावा. नियम तोच, खर्च मात्र अल्प.

गावोगावच्या कार्यकर्त्यांस आमची विनंती अशी की, यंत्राची शिफारस करण्यापूर्वी चाळ पाहावी. कांदा नीट सुकवून व निवडून भरला आहे काय, ढीग चार ते पाच फुटांहून उंच तर नाही ना, तळाखालून हवेस वाट आहे काय, हे आधी तपासावे. ओला कांदा व कोंदट तळ यांस कोणतेही यंत्र तारू शकत नाही. चाळ मुळात निर्दोष असेल, तरच पंख्यावर केलेला खर्च शेतकऱ्याच्या पदरी पडेल.