मैदान मागताना माती मागा

वस्तीशेजारी मैदान मंजूर झालं की नारळ फुटतो, फलक लागतो, फोटो निघतात. मग राडारोडा टाकून वर मुरूम पसरतात, रोलर फिरवतात आणि कागदावर मैदान 'तयार' होतं. गुडघे मात्र आपल्या पोरांचे फुटतात.

"आधी जागा तर मिळू द्या, गवताचं नंतर बघू," असं आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. मैदान म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे. ते मातीवर उभं असतं.

गवताच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. आपल्याकडची काळी माती चिकण. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. खेळणाऱ्यांच्या पायांखाली ती दबते, तिच्यातल्या पोकळ्या बुजतात, पाणी वर साचतं आणि मुळं गुदमरतात. म्हणून फुटबॉलच्या चांगल्या मैदानात तळाला खडी आणि तिच्यावर साधारण ३० सेंटिमीटरचा वाळूप्रधान थर देतात. वाळू दबली तरी पाण्याचा निचरा होत राहतो. क्रिकेटच्या खेळपट्टीचं उलट आहे. तिथे चेंडू उसळायला घट्ट चिकणमातीच लागते. म्हणजे एकाच मैदानात २२ यार्डांची माती वेगळी आणि भोवतालची वेगळी.

हे ज्ञान आपल्याला परकं नाही. चांभार समाजातले पालवणकर बाळू पुण्यातल्या क्लबात खेळपट्टी झाडत, रोलर फिरवत गोलंदाज झाले. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. खेळपट्टी राखायला त्यांचे हात चालले, नेतृत्वाच्या वेळी जात आडवी आली. आजही मैदान राखणाऱ्या माणसाचं नाव किती प्रेक्षकांना ठाऊक असतं?

म्हणून मित्रहो, निवेदनात फक्त 'मैदान द्या' लिहून थांबू नका. माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक मागवा. माती परीक्षण झालं का? निचऱ्याची सोय काय? हरळी लावल्यावर तिला पाणी कोण देणार? दबलेली जमीन वेळोवेळी मोकळी कोण करणार? त्या माणसाला पूर्ण पगार मिळणार का?

दरम्यान एक प्रयोग स्वतः करा. काचेच्या बाटलीत मैदानातली मूठभर माती आणि पाणी घालून जोरात हलवा, मग बाटली ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, तिच्यावर पोयटा बसतो, चिकणमाती मात्र कितीतरी वेळ पाणी गढूळ ठेवते. कोणता थर किती जाड आहे ते मोजून लिहून ठेवा. अधिकाऱ्यासमोर ती बाटली ठेवली की "मैदान उत्तम आहे" असं म्हणणं त्याला सोपं जाणार नाही.

जय भीम!