आकड्याचे मूल्य आणि आकड्याचे रूप

हाताने लिहिलेल्या खातेवहीत आकडा आणि त्याचे मूल्य ही दोन वेगळी नसत. मुनीमजींनी जे लिहिले तेच वाचले जाई, आणि खोडाखोड झालीच तर तीही पानावर कायम राही. संगणकावरील हिशेबपत्रकात, म्हणजे एक्सेल किंवा तत्सम स्प्रेडशीटमध्ये, हे गृहीतक लागू पडत नाही. तेथील प्रत्येक चौकटीला, जिला ‘सेल’ म्हणतात, दोन अंगे असतात. एक आत साठविलेले मूल्य आणि दुसरे पडद्यावर दिसणारे रूप. ‘फॉरमॅटिंग’ हे मुख्यतः रूपाचे काम आहे. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याला पुढील बहुतेक घोटाळे टाळता येतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे तारीख. एक्सेल तारीख तारीख म्हणून साठवीतच नाही. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून ते दिवस मोजत जाते. त्या मोजणीनुसार १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. चौकटीचा प्रकार ‘डेट’ असेल तर तारीख दिसते, ‘जनरल’ केला तर पाच अंकी संख्या दिसते. आतील मूल्य दोन्ही वेळी एकच असते. म्हणूनच एका तारखेतून दुसरी वजा करून मधले दिवस काढता येतात.

प्रकार ठरविण्याची रीत सोपी आहे. हव्या त्या चौकटी निवडाव्यात, कंट्रोलची कळ दाबून धरून १ हा अंक दाबावा, म्हणजे ‘फॉरमॅट सेल्स’ची खिडकी उघडते. नवशिक्याचे लक्ष तेथे प्रथम रंग, ठळक अक्षरे आणि रेषा यांकडे जाते. खरे महत्त्व मात्र ‘नंबर’ या पहिल्या विभागाला आहे, आणि तेथील निवड मजकूर भरण्यापूर्वी करणे इष्ट. रिकाम्या रकान्याला आधी ‘परसेंटेज’ हा प्रकार दिला आणि मग १८ लिहिले, तर १८ टक्के उमटतात. १८ आधी लिहून प्रकार नंतर दिला, तर तेच १८०० टक्के होतात.

समजा, एखाद्या पेढीची उधारीची यादी करावयाची आहे. तिच्यात दिनांक, बिल क्रमांक, रक्कम आणि बँक खाते क्रमांक असे चार रकाने आहेत. प्रत्येकाची गरज निराळी आहे.

दिनांकाच्या बाबतीत संगणकाची मांडणी भारतीय आहे की अमेरिकन, हे प्रथम पाहावे. अमेरिकन मांडणीत महिना आधी येतो. तेथे ०५/०४/२०२४ असे लिहिले तर ते ४ मे समजले जाते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. १३/०४/२०२४ ला मात्र तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती नोंद नुसता मजकूर होऊन पडते. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे देण्यास २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली तर मुदत चुकते आणि व्याज अंगावर येते.

बिल क्रमांक ५-११ असा असेल तर एक्सेल त्याची ५ नोव्हेंबर करून टाकते. या सवयीचा त्रास मोठमोठ्यांना झाला आहे. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ या आद्याक्षरांची जनुकनावे बदलली, कारण एक्सेल त्यांचे महिने करीत असे. व्यापाऱ्याला बिलाची पद्धत बदलण्याची गरज नाही. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केला की काम भागते.

खाते क्रमांकाचेही तसेच. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच अचूक राखते. क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो. आरंभीची शून्ये तर हमखास गळतात. नंतर प्रकार बदलला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. नेफ्ट किंवा आरटीजीएसने पैसे जमा होताना बँक खाते क्रमांकच प्रमाण मानते, हे लक्षात घेतले म्हणजे या एका अंकाचे मोल कळते. हा रकानाही ‘टेक्स्ट’च असावा.

रकमेच्या रकान्यात उलट दक्षता हवी. तेथे केवळ संख्या असावी. बिलावर शोभणारे १५००/- असे लेखन येथे केले तर ती संख्या न राहता मजकूर होतो आणि बेरजेचे सूत्र तिला निमूटपणे वगळते. रुपयाचे चिन्ह हवे असल्यास ते हाताने न लिहिता ‘करन्सी’ प्रकारातून घ्यावे. स्वल्पविराम लाख-कोटीच्या रीतीने पडत नसतील तर विंडोजच्या प्रदेशविषयक मांडणीत भारत निवडावा.

दशांशाचाही विचार व्हावा. १०.४० रुपयांच्या तीन नोंदी दशांश लपवून दाखविल्या तर तिन्ही ठिकाणी १० दिसतात आणि खाली बेरीज ३१ येते. संगणक चुकलेला नसतो. त्याने ३१.२० ची बेरीज केली आणि पैसे झाकले. अशी यादी गिऱ्हाइकाच्या हाती गेली तर पेढीच्या हिशेबावरच शंका येते. पैसे दाखवावेत, अथवा पूर्ण रुपयांतच व्यवहार करावयाचा असेल तर ‘राउंड’ या सूत्राने मूल्यच पूर्णांकित करावे.

चौकटीत नुसते ##### दिसले तर घाबरू नये. बहुधा रकाना अरुंद पडलेला असतो. तो रुंद केला की आकडा दिसतो.

सजावट या सर्वांनंतर करावी. शीर्षकाची ओळ ठळक करावी, पण यादीच्या मधल्या चौकटी ‘मर्ज’ करू नयेत. त्यामुळे पुढे यादी तारखेनुसार लावताना अडथळा येतो. रकमा मध्यभागीही आणू नयेत. एक्सेल आपणहून संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे ठेवते. रकमेच्या रकान्यात एखादी नोंद डावीकडे सरकलेली दिसली तर ती बेरजेतून सुटली आहे, असे समजावे.

यादी लांब असेल तर नजरेवर विसंबू नये. रकमेचा रकाना निवडून सर्वांत खालच्या पट्टीवर उजवी कळ दाबावी आणि ‘काउंट’ व ‘न्यूमेरिकल काउंट’ या दोन्हींवर खूण करावी. पहिला आकडा एकूण भरलेल्या चौकटी सांगतो, दुसरा त्यांतील संख्या. शीर्षक न निवडता दोन्ही सारखे आले तरच बेरीज पुढे पाठवावी. यास अर्धे मिनिटही लागत नाही, आणि यादी रात्री घरातील सुनेने केली असो वा दुकानात नातवाने, ही तपासणी दोघांनाही एका बैठकीत शिकविता येते.